मामूंची नाडी

बारामती, ९ मे २०२५

ती. बादशाहमामूंस,
मेहजबीनचा सलाम. वि. वि. फोन करायला तोंड राहिलेलं नाही, म्हणून हे पत्र.

शाहिददादाच्या हळदीत तुम्ही मांडवातच कोसळलात. लोक डॉक्टर आणायला निघाले, तर नसरीनमामीनं त्यांना थांबवलं, घरातच आमची डॉक्टरीण आहे म्हणाली. मी तर मेडिकलच्या पहिल्या वर्षाला. तरी ऐटीत पुढं झाले, तुमचं मनगट धरलं. ठोका लागेना. मामू गेले, असं भर मांडवात सांगून मोकळी झाले.

तुम्ही जागे झाल्यावर तुम्हाला बारामतीला आणलं, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी तुमचा हात तपासला. अंगठ्याच्या बाजूची धमनी तुमच्यात मनगटाच्या आधीच वळून हाताच्या पाठीकडे गेली आहे. काही लोकांची जन्मतःच तशी असते. अम्मी आता सगळ्यांना तेच ऐकवत सुटली आहे, की पोरीचा दोष नाही, धमनीच वेगळी. पण मामू, मानेला हात लावायचा असतो, छातीला कान लावायचा असतो. मला ते माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून घाई केली. तुमच्या तोंडावर चादर ओढली तीही मीच. लाज वाटते. कॉलेजातून नाव काढायचं ठरवलं आहे.

लोभ ठेवा, असं कोणत्या तोंडानं लिहू?
तुमची,
मेहजबीन


कळस, १५ मे २०२५

चि. मेहजबीनला मामूंच्या भरभरून दुआ.

मी खडखडीत आहे. मामी हंबरडा फोडून अंगावर पडली, तिच्या वजनानंच मला जाग आली. हे तिला सांगू नकोस. गावात थट्टा होते ती माझी. रामहरी दुकानात आला की आधी माझ्या हाताच्या पाठीवर बोट ठेवतो, हायेत अजून म्हणतो, आणि मग खिळे मागतो.

तुझी चूक झाली नाही, असं मी म्हणणार नाही. झाली, आणि ती तुला कळली. पण नाव काढू नकोस. इथं तुझं एक काम अडलं आहे.

मी जरा डुलकी घेतली की मामी येऊन मला हलवते. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं, शाहिदनं सांगितलं. तिला कुणाचंच पटत नाही. म्हणते, गेले म्हणून मेहजबीननं सांगितलं, आता हायेत म्हणून तिनंच सांगावं.

रविवारी ये. आमचा लोभ आहेच, तो विचारून ठेवायचा नसतो.
तुझा मामू,
बादशाह