दीपमालेची कोपरं

अमरावती
१२ जानेवारी २०२५

चि. बेबीस खुशालभाऊचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. तुझ्या भाचीचं, दीपमालेचं लग्न जमलं. मुलगा धामणगावचा, शुभम. घरचा धान्याचा व्यापार. लग्न पुढच्याच महिन्यात.

पोरीच्या कोपरांवर तुझ्यासारखेच सोरायसिसचे चट्टे आले आहेत. पाहुण्यांना बोललो नाही. पूर्ण बाह्यांची पोलकी शिवली आहेत. पण मांडवात तुझे हात पाहून कोणीही विचारेल, हे घराण्यात आहे का. तुझी वहिनी म्हणते, तू येऊ नयेस. मलाही तेच बरं वाटतं. साडी पाठवीन. राग धरू नकोस, भावावर लोभ असू दे.

तुझा भाऊ
खुशालराव

अकोला
१९ जानेवारी

ती. भाऊस बेबीचा नमस्कार.

साडी पाठवू नको, मी येत नाही. माझ्या हातचा हार नको म्हणणारं गिऱ्हाईक फुलांच्या दुकानावर रोज भेटते. त्याची मले सवय आहे. सख्ख्या भावाची नव्हती.

पण पोरीचं लपवू नको. इथल्या डॉक्टरीणबाईनं मले समजावलं. वरचं कातडं म्हणजे अंगाची भिंत. ती बांधणारी जनुकं आईबापाकडून येतात, अन् कोणाकोणात त्यातला तुकडा कमी असते. त्यानं धोका वाढते, पण रोग होतेच असं नाही. तो तुकडा नसूनही धडधाकट असलेले लोक लय आहेत. आपल्या आईच्या गुडघ्यांवरचे चट्टे आठव. तू सुटला, मी सापडली. शिवल्यानं हे कोणाले लागत नाही. चिंतेनं मात्र वाढते, म्हणजे लपवालपवीनं पोरगी अजून सोलून निघीन. शुभमले आधी सांग. नाही म्हणन तर म्हणू दे.

माया ठेवायची का नाही, ते तुझं तू पाह्य.

बेबी

अमरावती
६ मे २०२५

चि. बेबीस आशीर्वाद.

दीपमाला सासर सोडून तुझ्याकडे आल्याचं शुभमनं फोनवर सांगितलं. लग्नानंतर तिचे चट्टे डोक्यात, पाठीवर पसरले. सासरच्यांनी ताट वेगळं केलं, गादी वेगळी केली. मागे ती इथे आली होती, तेव्हा मीच समजूत घालून परत नेऊन सोडलं. आमच्या घराण्यात हे कोणालाच नव्हतं, तिकडच्या पाण्यानं झालं, असं मी त्यांना सांगितलं आहे. तू मध्ये बोलू नकोस. रविवारी तिला घ्यायला येतो. घराची अब्रू तुझ्या हाती आहे, एवढी आठवण असू दे.

खुशालराव

अकोला
९ मे

ती. भाऊस नमस्कार.

रविवारी येऊ नको. पोरगी आली तेव्हा पोलकं पाठीले चिकटलं होतं. कोमट पाण्यानं भिजवून सोडवलं, तरी रक्त आलं.

डॉक्टरीणबाईकडे नेलं, औषध सुरू झालं. तिनं बाईले विचारलं, माझ्या लेकरालेही होईन का. बाई म्हणाल्या, होईलच असं नाही, होणारच नाही असंही सांगता येत नाही. बाहेर आल्यावर दीपमाला म्हणे, एवढ्या दिवसांत कोणीतरी खरं बोललं.

मग तिनंच शुभमले फोन केला. आजीले होतं, आत्याले आहे, बाबाले ठाऊक होतं, सगळं सांगितलं. तो म्हणे, चट्ट्यांचं सोड, पण तुझ्या बापानं मले तोंडावर फसवलं. त्याचा पुन्हा फोन नाही. ती वाट पाहून राहिली, कबूल करत नाही.

या पत्राखाली दोन ओळी लिही म्हटलं. तिनं ‘बाबा’ एवढंच लिहिलं, खोडलं, अन् उठून गेली. मी खोडलेलं तसंच पाठवून राहिली.

बेबी