गोगलगायीची अपुरी कादंबरी आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी बाई, वय सत्तरीच्या पलीकडे, धंदा प्रेमकथा लिहिणे, राहणार याच घरात, दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. पाय नाहीत, ते मघापासून खिडकीपाशी जाऊन येत आहेत. पण मृत्युपत्राला डोकं लागतं, पाय लागत नाहीत, असं खालच्या मजल्यावरचे वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. आजवर ज्यांनी आणून पाहिलं त्यांचा समाचार कलम चारमध्ये घेतला आहे.

सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणाले, "आजी, घाबरू नका, आम्ही हे रोज करतो." मी म्हटलं, "तुम्ही रोज करता हो, मी पहिल्यांदाच करतेय." तेव्हा आज शनिवारीच हे लिहून, दोन साक्षीदारांसमोर सही करून मोकळं व्हायचं आहे.

पहिली साक्षीदार समोर बसून वाटाणे सोलते आहे. ही मेट्रन. इस्पितळातून निवृत्त झाल्यावर परिचारिकांच्या प्रेमकथा लिहायला लागली, आणि पात्रांनाही औषध दिल्यासारखं वेळेवर प्रेमात पाडते. दुसरी खुर्ची रिकामी आहे. ती ठिणगीची. ठिणगीही आमच्याच धंद्यातली, माझी सगळ्यात जुनी मैत्रीण, आणि तीन वर्षं माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. सकाळी मेट्रनने तिला फोन केला.

"काय म्हणाली?"

"ऐकून घेतलं."

"आणि?"

"आणि ठेवला."

बरं. लिहायला घेते.

कलम एक. हे राहतं घर मुलाला मिळावं. सूनबाईंना स्वयंपाकघराची भिंत पाडून सगळं मोकळंढाकळं करायचं आहे, हे मला ठाऊक आहे. ती दोघं दाराआड बोलतात, पण मुलाला हळू बोलता येत नाही, लहानपणापासून. पाडायची तर पाडा. मी बघायला नसेन. मुलाने शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं की आई बागकामावर पुस्तकं लिहिते. त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तरी लिहून ठेवलेलं बरं.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते सूनबाईंना. मुलाला आश्चर्य वाटेल. वाटू दे. या घरात माझी पुस्तकं वाचणारी ती एकटी आहे, तीही न्हाणीघराला कडी लावून. पानं वाफेने फुगलेली सापडतात. मी कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तिने वाचणं सोडलं असतं.

(उठून आले. खाली कोणीतरी थांबलं होतं. फुलवाला निघाला.)

कलम तीन. स्वयंपाकघरातलं पुस्तकांचं फडताळ. हे नीट सांगायला हवं, नाहीतर कोणी रद्दीत देईल.

आम्ही तिघी भेटलो एका पुस्तक प्रदर्शनात. प्रेमकथावाल्या बायकांचं टेबल आयोजकांनी हात धुवायच्या नळांपाशी मांडलं होतं. दिवसभर आमच्याकडे जो आला तो ओल्या हाताने आला आणि "टॉवेल कुठेय?" एवढंच विचारून गेला. संध्याकाळी मेट्रनने डबा उघडला, ठिणगीने पाव काढला, मी उकडलेली अंडी काढली, आणि विकली न गेलेली पुस्तकं आम्ही एकमेकींना देऊन टाकली. त्यातून आमची रीत पडली. जिचं पुस्तक निघेल तिने पहिल्या प्रती बाकी दोघींना द्यायच्या. दोघींनी वाचून शेवटच्या कोऱ्या पानावर लेखिकेचे आभार मानायचे, आपली एक आवडती पाककृती लिहायची आणि प्रत परत करायची. मत द्यायचं नाही. मत मागायचंही नाही. मतांनी किती मैत्र्या गेल्या ते आम्ही पाहिलं होतं; अंड्याच्या केकने एकही गेली नव्हती. पुढे वाचकांना याचा सुगावा लागला, तेव्हा आम्ही छापील ऋणनिर्देशाखालीही एकेक पाककृती द्यायला लागलो. एका बाईंनी मला कळवलं होतं की कथा ठीकठाक, पण भोपळ्याच्या सुपाने घर सावरलं.

हे फडताळ पुस्तकांसकट कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्यावं. अट एकच: पुस्तकं काचेआड ठेवू नयेत. तेल सांडलं तर सांडू दे.

कलम चार. माझ्या प्रकाशकाला मी काहीही देत नाही. त्याने माझ्या प्रत्येक मुखपृष्ठावर वाऱ्यावर केस उडणारी तरुणी छापली. माझ्या नायिका पन्नाशीच्या असतात आणि केस बांधतात. दरवेळी सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. ज्या समीक्षकाने "ही स्वयंपाकघरात वाचायची पुस्तकं आहेत" असं लिहिलं, त्यांना माझ्याकडून एक प्रत पाठवावी, आणि सोबत विचारावं की तुमची पुस्तकं लोक कुठे वाचतात. मेट्रन म्हणते, हे खोडून टाक, मरताना माणसाने मोठं मन ठेवावं. मी म्हटलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि मी अजून मेलेली नाही.

कलम पाच. जाड बुडाचं मोठं पातेलं मेट्रनला.

कलम सहा. याच्यासाठी एवढं सगळं मांडलं आहे.

माझी कादंबरी अर्धवट पडली आहे. एक घड्याळं दुरुस्त करणारी बाई आणि एक बेकरीचा हिशेबनीस, दोघंही साठीचे, रोज एकाच बाकावर बसून दुपारचा डबा खातात. दोनशे पानं झाली, अजून हवामानाखेरीज बोललेले नाहीत. मी हळू लिहिते हे जगजाहीर आहे. माझे लोक एकमेकांचा हात धरायला दीडशे पानं घेतात, म्हणून तर ठिणगीने माझं नाव गोगलगाय ठेवलं. वर "गोगलगाय आणि पोटात पाय" म्हणून खिदळायची. पण हे दोघं काही केल्या तोंडच उघडेनात. आणि सोमवार तोंडावर आला.

ही कादंबरी मी ठिणगीला देत आहे. ती आठव्या पानावर चुंबन घडवून आणणारी बाई. या दोघांना बोलतं करणं तिच्या डाव्या हाताचा मळ. ती लिहील तो शेवट माझाच समजावा.

आता भांडणाचं. पोरकट आहे, पण मागे राहणाऱ्यांनी तिखटमीठ लावू नये म्हणून लिहिते. भांडण कांद्याच्या सुपावरून झालं.

ज्या हिवाळ्यात ठिणगीचा नवरा तिला सोडून गेला, त्या हिवाळ्यात ती रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायची. चारचौघांत रडणाऱ्यातली ती नव्हे. मग मी ढीगभर कांदे चिरायला घ्यायची आणि मंद आचेवर परतत ठेवायची. तासभर लागतो. तेवढा वेळ घरात सगळ्यांचेच डोळे लाल, कोण कशाने रडतंय हे कोणी कोणाला विचारत नसे. मग आम्ही सूप प्यायचो आणि ती घरी जायची. बऱ्याच वर्षांनी तिने ती कृती आपल्या पुस्तकात छापायला मागितली. मी आनंदाने दिली. पुस्तक आलं. ऋणनिर्देशात माझे आभार, आणि खाली एक ओळ: "मूळ कृतीत मी थोडी सुधारणा केली आहे. मोठी आच, दहा मिनिटं."

सुधारणा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लगेच फोन लावला.

ती म्हणाली, "अगं, आजकाल कोणाला वेळ आहे तासभर कांद्यापाशी उभं राहायला?"

मी म्हटलं, "तुला होता."

तिने फोन ठेवला. तेव्हापासून तिने केला नाही, मीही केला नाही. चूक तिचीच आहे, हे मी आजही सहीनिशी सांगते. पण मला ती हवी आहे. रोज सकाळी लिहायला बसले की वाटतं, हे वाचून ठिणगी काय म्हणाली असती. आणि मग माझे ते दोघं गप्प बसतात.

इथवर लिहिलं आणि वकीलसाहेब वर आले. चष्मा कपाळावर, वाचणार कागद नाकाशी धरून. सगळं वाचून म्हणाले, "फुलवाला मृत्युपत्रात कशाला?" मी म्हटलं, राहू दे. मग म्हणाले, "साक्षीदार कोण?"

"ही, आणि ती आली तर ती."

"यांना पातेलं दिलंय?"

"हो."

"मग यांनी सही केली की पातेलं गेलं. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. दिली तर साक्ष टिकते, वस्तू मिळत नाही."

मेट्रनने वाटाण्यांचं ताट बाजूला ठेवलं, उठली, ओट्याखालचं पातेलं काढलं आणि आपल्या पिशवीत घातलं. "मग आजच नेते. हिच्या मरणाची वाट कोण बघत बसतंय."

वकीलसाहेब म्हणाले, हे चालतं. कलम पाच रद्द.

"आणि कादंबरी?" त्यांनी विचारलं. "त्या बाईंचं एक काय ते ठरवा. साक्षीदार हव्यात की वारसदार? वारसदार हव्या असतील तर माझा कारकून खाली बसलाय, तो सही करील. काम झालं."

काम कसलं झालं! कारकुनाने सही केली तर तिला इथे यायचं कारणच उरत नाही. ती आली आणि तिने सही केली, तर कादंबरी उरलेल्या सामानाबरोबर मुलाकडे जाणार, आणि मुलगा ती माळ्यावर बॅडमिंटनच्या रॅकेटींशेजारी ठेवणार. म्हणजे मी गेले तर ते दोघं त्या बाकावर कायमचे गप्प. मी उठले, बसले, पुन्हा उठले. नळ घट्ट बंद केला, तो बंदच होता. मेट्रन गॅलरीत जाऊन फोनवर हळू आवाजात काहीतरी बोलून आली.

"काय सांगितलंस तिला?"

"वकिलांनी सांगितलं तेच."

"मग?"

"ऐकून घेतलं."

कलम सात. ठरवलं. कादंबरी पोरकी व्हायला नको. ठिणगी वारसदारच राहील, साक्षीला कारकून बसेल. ती येणार नाही, असं धरून चालते. मला वाईट वाटतं आहे. मृत्युपत्रात असलं लिहीत नाहीत म्हणे, तरी लिहिते: फार वाईट वाटतं आहे.

कारकून वर आला. खुर्चीवर बसला, पेनाचं टोपण काढलं. आणि बेल वाजली.

ती दारात उभी. केस पांढरे झालेत. जिने चढून धापा टाकते आहे.

"कोण मेलंय?" ती म्हणाली.

"अजून कोणी नाही," मेट्रन म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. हे कागद ओढून घेतले आणि उभ्याउभ्या पहिल्यापासून वाचले. फुलवाल्यापाशी हसली. कलम सहा पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग म्हणाली, "यात तू चुकलीस असं कुठे लिहिलंय?"

"तू चुकलीस असं लिहिलंय."

"ते वाचलं. तुझ्या चुकीचं विचारतेय." तिने नाक पुसलं. "दोनशे पानं आणि नुसतं हवामान? लाज वाटते का?"

आणि कारकुनाला म्हणाली, "उठा, ही खुर्ची माझी आहे."

वकीलसाहेब घाईने म्हणाले, "बाई, तुम्ही सही केलीत तर कादंबरी तुम्हाला मिळणार नाही."

"माहितेय. हिने फोनवर सांगितलं. म्हणूनच आले."

मी म्हटलं, "अगं, म्हणजे ती माळ्यावर जाईल!"

"तू मेलीस तर जाईल."

"ऑपरेशन काय माझ्या हातात आहे?"

"नाही. कादंबरी आहे. सही कर."

मी आत्ता हे लिहिते आहे आणि ती डोकावून विचारते आहे, "हेसुद्धा लिहितेस?" हो, लिहिते. कलम सात रद्द. अक्षर वाकडंतिकडं येतं आहे. त्याचा अर्थ अक्कलहुशारी गेली असा कोणी काढू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं, आणि राजीखुशीचं. वरच्या खाडाखोडी माझ्याच हातच्या आहेत.

ठिकाण: माझ्या घरचं स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल.
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, ऊन उतरल्यावर.

सही
(गोगलगाय, खरं नाव वकीलसाहेबांच्या शिक्क्याशेजारी)

साक्षीदार पहिली: मेट्रन. हिने माझ्यासमोर सही केली. सहीआधी नाडी पाहिली, जोरात चालते आहे पण नीट आहे. सही.

साक्षीदार दुसरी: ठिणगी. हिने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. हिचं डोकं नेहमी असतं तितपत ठिकाणावर आहे. या सहीमुळे कलम सहामधली कादंबरी मला मिळणार नाही, हे समजून उमजून मी सही करते आहे. मला ती नको. सोमवारी सकाळपासून मी इस्पितळात बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. शुद्धीवर आल्यावर हिने सगळ्यात आधी मला सांगायचं आहे, ते दोघं एकमेकांशी काय बोलले. सही.