जुना केलेला फोटो

पेण,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना भाविकाचा नमस्कार.

मळणी आटोपली असेल. दादांचा गुडघा थंडीत दुखतो, म्हणून तेल पाठवलंय. पार्सलमध्ये वरच आहे. त्याच्याखाली जे आहे, ते हे पत्र वाचून झाल्यावर उघडा. आणि पत्र दादांना मोठ्यानं वाचायला सांगू नका, चष्मा लावून तुम्हीच वाचा. फोनवर तुम्ही "बरी हायस ना?" विचारता, मी "हो" म्हणते आणि तिथंच आपलं बोलणं संपतं. म्हणून लिहितेय.

काम भरपूर आहे. कम्प्युटरवर दिवसभर करतेस तरी काय, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. सध्या पुण्याच्या एका हॉटेलचं मेन्यूकार्ड करतेय. हॉटेल अजून उघडायचंय, पण कार्ड मात्र आजोबांच्या काळातलं वाटायला हवं. मग मी कागदावर चहा सांडते, वाळला की स्कॅन करते. गंजलेल्या शटरचे, पोपडे आलेल्या भिंतींचे फोटो काढते. ते थर एकावर एक चढवायचे, रंग उतरवायचे, कडा पिवळ्या करायच्या. ऋत्विक होता तेव्हा यात मजा यायची. रोह्याला आलो की तो तुमच्या फडताळातल्या डब्यांचे फोटो काढत बसायचा. म्हणायचा, "जिथं हात लागतो तिथंच वस्तू झिजते. बाकीकडे उगाच ओरखडे मारू नकोस, खोटं दिसतं." आता दोघांचं काम एकटी करते. पाठ भरून येते, डोळे चुरचुरतात. एक संपवलं की दुसरं जुनं करायला घ्यायचं.

वर्षश्राद्धाला मी त्याचा मोठा फोटो करून आणला होता. तुम्ही वरचा कागद सोडलात, बघितलंत आणि लगेच पालथा ठेवलात.

"ह्यो नको गो. काल गेल्यासारखा दिसतो. मला बघवत नाय."

दादा म्हणाले, "अगं, एवढा हौसेनं आणलाय तिनं."

"मग ती सगळं जुनं करते ना? याला पन जरा जुना करून देऊ दे."

तो फोटो पुन्हा कागदात गुंडाळून मी परतीच्या गाडीत बसले. कासूला एक मावशी टोपली घेऊन चढली. "देव हाय काय गो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही, नवरा आहे." बाकावरची टोपली तिनं स्वतःच्या मांडीवर घेतली आणि फोटोला जागा करून दिली.

नंतर कितीतरी महिने ती फाइल मी उघडलीच नाही. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत. दिवाळीच्या आधी एका दुपारी उघडली. त्याचा निळा शर्ट राखाडी केला. मागची भिंत पिवळट केली. कोपऱ्यांना ओल लागल्यासारखे डाग दिले. मग या फोटोला हात कुठं लागेल, याचा विचार करत बसले. तुम्ही पदरानं पुसाल ते आधी गालावरून. म्हणून गालाजवळ तेवढं थोडं उजळ, पुसट केलं. ओरखडे कुठंच दिले नाहीत.

संध्याकाळपर्यंत तो फार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासारखा दिसायला लागला. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. आई, मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा श्वास पुरता आला. मग घाबरून मी सगळे थर काढून टाकले, तर तो पुन्हा निळ्या शर्टात हसत समोर. पुन्हा छातीत तेच. शेवटी थर परत चढवले आणि छापायला दिला.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. माझ्या शेजारच्या नूतनताई तुम्हाला म्हणाल्या ना, की माझ्याकडे कोणी येतो, ते खरं आहे. त्याचं नाव सुजय. डोलवीला कंपनीत आहे, शिफ्ट असते. वडिलांचा फाटलेला फोटो नवा करून घ्यायला आला होता. त्याचं पहिलं लग्न मोडलंय. आम्ही लग्न करायचं ठरवलंय. फार आनंदात आहे असं नाही, खोटं कशाला लिहू? थकलेय. घरी आल्यावर दार आतून कोणीतरी उघडावं, एवढंच वाटतं. तो उघडतो. चहा बेचव करतो.

परवानगी मागत नाही. पण दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, एवढा तुमचा हक्क आहे.

तुमची,
भाविका


रोहा,
२९ डिसेंबर

चि. भाविकास आशीर्वाद.

उशिरा लिहिते. राग आला होता. दादांनी विचारलं, काय झालं गो, तर त्यांना पन बोलले नाय. पार्सल तसंच कोठीवर ठेवलं होतं.

परवा उघडलं. फोटो बघून आधी वाटलं, ह्यो आमच्या बाबांचा कुठला फोटो? मग तोंड बघितलं. आता बघवतो. भिंतीवर लावलाय. तू म्हनतेस तिथंच पुसते.

लग्नाला मी येनार नाय. दादा येतील, काल सांगितलं तर त्यांनी लगेच कपडे काढून ठेवलेत. मला नाय जमायचं, वाईट वाटून घेऊ नको. लोक काय बोलतात म्हनून नाय. त्या मंडपात दुसरा कोन उभा राहिलेला मला बघवनार नाय, म्हनून.

पन पुढच्या महिन्यात शेतात पोपटीचं मडकं लावनार आहोत. भाजायला वालाच्या शेंगा चांगल्या धरल्यात. त्याला सुट्टी असंल तेव्हा दोघं या. त्याला तिखट चालतं काय ते कळव.

काम कमी कर. डोळ्यांवर दुधाची घडी ठेव.

ऋत्विकची आई