आजीचं घाईचं आमेन

मामी, सलाम.

तुमची लेक करुणा वारल्यावर तुमी म्हनला व्हता, "नात मिरजेला आमच्याकडं द्या, तुमच्या घरात तिची प्रार्थना सुटंल." मला लय राग आला, पन भ्या बी वाटलं. मी पडलो हिंदू. मला निस्तं 'आमेन' येतं. जेवताना पोरगी शलोमी डोळं मिटून प्रार्थना बोलती, शेवटी मी मोठ्यानं आमेन म्हनतो. आमची उपासना तेवढीच.

काल मेढ्याला आमच्या गावची जत्रा व्हती. पंगतीत घास उचलले आन् शलोमीनं डोळं मिटलं. आता आई वरडनार, म्हनून मी खाली मान घातली. तर आईच म्हनली, "थांबा रं समदी, पोरीचं आमेन हुंद्या."

समदी थांबली. रस्सा निवायला लागला तशी आईनंच घाईनं "आमेन" म्हनून टाकलं.

शलोमीनं एक डोळा उघडला. "आजी, थांब ना. मम्मीबद्दल देवाला थँक्यू म्हनायचं ऱ्हायलंय."

आईनं हातातली भाकरी खाली ठेवली आन् डोळं मिटलं.

मामी, माझा जीव भांड्यात पडला. पन हे पत्र टाकत न्हाई, तुमाला उलट उत्तर दिल्यागत व्हईल. रविवारी पोरीला घेऊन मिरजेला तुमच्या चर्चला येतोय.

आमेनपुरता तुमचा जावई,
मानसिंग