करदोड्याचं माप

नागपूर,
शुक्रवार, सप्टेंबर १९७८

प्रिय आई,

आज कारखान्यात वार्षिक तपासणी होती. सकाळी कंपनीच्या बसने हिंगण्याला गेलो, रांगेत उभा राहिलो, वजनकाट्यावर चढलो, उतरलो. पाळी संपवून दुपारी घरी आलो. सुमन मुलांना घेऊन माहेरी कन्हानला गेली आहे. आजची गोष्ट तुलाच सांगण्यासारखी आहे, म्हणून लिहायला बसलो. तू गेल्यानंतरची ही पहिलीच तपासणी.

तिथल्या भिंतीवरचा उंची-वजनाचा तक्ता तुला माहीत आहे. उंचीसमोर वजन जुळलं की माणूस ठणठणीत. मी दर वर्षी त्यात बरोबर बसायचो. घरी येऊन सांगितलं की तू म्हणायचीस, "थो तक्ता तुह्या पोटाले हात लावून पाहाते का गा?"

पोळ्याला बैलांना नवी वेसण आणि घरातल्या पुरुषांना नवा करदोडा, हा नियम तुझाच. मौद्याचं शेत सुटलं, आपण नागपुरात आलो, बैल राहिले नाहीत, करदोडा राहिला. कमरेचा जुना दोरा मी काढून द्यायचा आणि त्याला लावून तू नवा कापायचीस. एका वर्षी नव्याची गाठच बसेना.

"मागच्याच मापाचा कापला न मी. मंग तोकडा काहून पडून राहिला?"

"आटला असेल."

"कोरा दोरा आटते का कुठं? हातपाय काड्यावानी अन् पोट सावकाराचं."

मी हसलो. तू हसली नाहीस. बाबांचीही अंगलट अशीच होती ना? सडपातळ, पुढे तेवढं पोट. पायात काटा रुतला, जखम भरेना, तेव्हा कुठे साखरेचा आजार कळला. तोवर फार उशीर झाला होता.

"काटक हाये, काटक हाये, म्हणत म्हणतच नेलं लोकायनं त्यायले," तू म्हणालीस. "तुले नाही नेऊ देत मी."

दुसऱ्या दिवशी तू मला सीताबर्डीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलीस. मला ते काही पटलं नव्हतं, पण तुझ्यापुढे बोलायची सोय कधी होती? लघवीत साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "वजन उंचीला बरोबर आहे, पण सगळं पोटावर साचलंय. काटा वजन सांगतो, ते अंगात कुठे आहे हे नाही सांगत." वेळेत आलात, खाणं सांभाळा, रोज चाला, असंही म्हणाले.

मग तू पदर सावरून स्टुलावर बसलीस. "आता माह्यं पाहा." कंपनीच्या शिबिरात त्याच तक्त्यावर बोट ठेवून, वजन जास्त म्हणून तुला निम्मं जेवायला सांगितलं होतं. तू भाकर सोडली होतीस आणि पापड वाळत घालताना तुला भोवळ येत होती. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, लघवी तपासली. सगळं चांगलं निघालं. "आजी, हाड रुंद आहे तुमचं, दिवसभर राबता. भाकर खा," ते म्हणाले.

परत येताना तू कोपऱ्यावर भजी घेतलीस. मी हात पुढे केला तर पुडा मागे ओढलास. "तुह्यं नाव नाही याच्यात."

एक मात्र बरं केलं नाहीस. माझं पोट साऱ्या गल्लीला सांगितलंस. भाजीवालीसुद्धा विचारायची, "दोरा पुरते का आता, भाऊ?"

आज नवीन डॉक्टर होते. त्यांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "ठीक. पुढचा." मी चारचौघांत बोलणारा नाही, तुला ठाऊक आहे. तरी म्हणालो, "साहेब, पोटाचंही माप घ्या. मला साखर निघाली होती." रांगेतून कोणीतरी म्हणालं, "काय गा, पँट शिवून राहिला का इथं?" सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी टेप मागवली, लघवी तपासायला सांगितली. साखर नाही, आई. पोटही उतरलं आहे. माझ्या मागचा माणूस माझ्याच अंगाचा होता. तो काट्यावरून उतरायला लागला तर डॉक्टर त्याला म्हणाले, "थांबा, तुमचंही घेऊ."

तू गेलीस ती जेवून, दुपारी पडल्या पडल्या, आपल्या पूर्ण वजनासकट. आठवण येते. पण आज जेवायला बसलो तेव्हा मन शांत होतं.

तुझा नातू विजय माझ्यावरच गेला आहे. हातपाय बारीक, आणि सगळे त्याला काटक म्हणतात. यापुढे पोळ्याला त्याचा करदोडा मी कापीन, जुना शेजारी ठेवून. गाठ बसली नाही तर हसण्यावारी नेणार नाही, हा माझा शब्द.

स्टोव्हवर दूध ठेवलं आहे. ते वर येईपर्यंत आता तिथेच उभा राहतो.

तुझा,
मधुकर