खिशातले हात

ओबरटाल, ९ ऑक्टोबर १८८७

प्रिय अल्बान,

वाल्बुर्गावहिनींचा गुडघा कसा आहे? थंडी पडायच्या आत लोकरीची पट्टी बांधायला सांग. थेक्लाचं बाळंतपण सुखरूप झालं ना? जावयाचा खोकला गेला का? आणि तुझी दाढ? इकडे तुझी रोझीनवहिनी बरी आहे, मीही बरा. सफरचंदं यंदा उदंड आली. व्यायामशाळेतल्या उड्या मारायच्या घोड्याचं कातडं उसवलं होतं, ते मी परवाच नव्याने शिवून दिलं.

आमच्या कास्परचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. हाड जुळलं, मनगट वळत नाही. घड्याळाचा बारीक स्क्रू आता त्याच्या चिमटीत राहत नाही. मालकाने त्याला खोकी भरायला बसवलंय.

तुझं पत्र पोचलं. व्यायामशाळेच्या वाढदिवसाला येऊन आमच्याकडे उतरतो म्हणतोस. रोझीन चादर काढायला उठली आणि तशीच परत येऊन बसली.

मी खोगिरं शिवणारा माणूस. आडवळणाने लिहायची सवय नाही, तरी अर्धं पान गेलंच.

जूनच्या कसरतींच्या मेळ्यात कास्पर सिंगल बारवर चढला तेव्हा खाली सांभाळायला तू होतास. तीस वर्षं मीही तुझ्याच भरवशावर उलटा लटकलो. खालच्याचा हात लागला की कसरत बाद, आणि विजेत्यांचा ओकच्या पानांचा मुकुट आपल्या तुकडीपासून एका कसरतीवर आलेला. मोठ्या झोक्यात त्याचा उजवा हात सुटला. डाव्या हातावर तो अख्खा एक झोका लटकला, अल्बान. तेवढ्या वेळात तू दोन माणसं झेलली असतीस. तुझे हात खिशात होते. पोर पडलं, आणि मुकुट शेजारच्या गावाने नेला.

'वाटलं, पकडेल परत,' एवढंच म्हणालास. आठवड्यात बिऱ्हाड उचलून लेकीकडे उल्मला गेलास, आमच्या दारात न येता. मी मात्र उन्हाळाभर तुझीच बाजू घेत राहिलो.

गेल्या रविवारी जेवताना कास्पर म्हणाला, "बाबा, मीच काकांकडून शब्द घेतला होता, काही झालं तरी हात लावायचा नाही. ते म्हणाले, बापाला कळू देऊ नकोस, तो मला खाली उभा राहू देणार नाही."

चोवीस वर्षांचं पोर असं मागणारच. तू साठीचा. मला काय वाटेल ते तुला ठाऊक होतं, म्हणूनच मला वगळलंस.

एक गोष्ट रोझीनलाही सांगितलेली नाही. तो बारवर चढला तेव्हाच तुझे हात खिशात गेलेले मी कठड्यापाशी उभा राहून पाहिले होते. ओरडता आलं असतं. माझ्या मनात आलं, म्हणजे आज मुकुट आपलाच. ते माझं मी निस्तरीन. त्याने तुझं काही हलकं होत नाही.

कास्पर म्हणतो, येऊ दे काकांना. रोझीन म्हणते, तुम्ही ठरवा. म्हणून विचारतो. तो एका हातावर लटकत असताना त्याला दिलेला शब्द तुला आठवला, की मुकुट? शब्द आठवला असेल तर ये. मी भांडेन आणि पोटभर जेवायलाही घालीन. मुकुट आठवला असेल तर तेही तसंच लिही, आणि उल्मलाच राहा.

लवकर लिही. स्वतः लिही, वहिनींकडून लिहवून घेऊ नकोस.

तुझा म्हणावं की नाही हे कळेपर्यंत नुसताच,
गोटहिल्फ