शून्याचं टोक

शनिवार, ११ ऑक्टोबर

पायांचे तुकडे पडलेत. सकाळी आठपासून हे शहर पालथं घालतेय. सरांनी आज अभ्यासदौऱ्यातली सुट्टी दिली. सरांची सुट्टी म्हणजे — दिवसभर फिरा, मजा करा आणि प्रत्येक जोडीने एक जुनी वास्तू मोजून आणा. वा रे मजा!

आधी दगडी दरवाजा पाहिला. फरशीवर गाड्यांच्या चाकांनी घोटाभर खोल चर पडलेत. मग उघडं नाट्यगृह. झिपरी खाली मधोमध उभी राहून कुजबुजली आणि मला अगदी वरच्या पायरीवर स्वच्छ ऐकू आलं, "भूक लागली." (झिपरी म्हणजे माझी जोडीदारीण. केस कंगव्याला जुमानत नाहीत.) संग्रहालयात हाडाचा एक कंगवा होता, चार दात तुटलेला. मी म्हटलं, हा तुझाच. ती दुपारपर्यंत रुसली.

एक गोष्ट मात्र मला दिवसभर खटकत होती. कुठेही जोरात पाय टाकला की खालून पोकळ वाजतं. अख्खं शहर म्हणे जुन्या पाण्याच्या टाक्यांवर उभं आहे. आपण कुणाच्या तरी छतावरून चालतोय असं वाटत राहिलं.

आम्ही मोजायला असंच एक भुयारी टाकं घेतलं. तिथली किल्ली एका म्हाताऱ्या काकांकडे असते. तिकीट खिडकीवरची ताई त्यांची मुलगी. तिला आपली भाषा मोडकीतोडकी येते, काकांना एक शब्द नाही. आम्ही दाराशी मोजायची टेप ओढून आमच्या हिसक्यांच्या खुणांची उजळणी केली, तर ते स्टुलावर बसून लहान मुलासारखे हसत होते. मग दार उघडून बॅटरी घेऊन आमच्या आधी आत गेले. मागच्या बाजूला आणखी एक दार आहे, ते बघायला जातो अशी खूण केली.

आत हाक मारून उपयोग नाही. शब्दाचा नुसता लगदा होतो. म्हणून टेपवरच बोलायचं. डबा माझ्याकडे, शून्याचं टोक झिपरीकडे. एक हिसका — टोक लावलं, आकडा वाच. दोन — पुढच्या खांबाकडे निघाले. तीन — थांब, इकडे ये. चार वर्षं आम्ही असंच मोजतोय.

अठ्ठावीस खांब. घोटाभर पाणी. कुठूनतरी घुं-घुं असा आवाज सारखा येत होता, पाण्याचा असणार. झिपरीची बॅटरी दिसेना, पण ती सकाळपासूनच मरतुकडी होती. आणि टेप किती सुरेख ताणलेली! एरवी झिपरी धरते तेव्हा मधे झोळ पडतो. आज काय अक्कल आली हिला, म्हणून मी मनातल्या मनात शाबासकी दिली. शेवटच्या खांबाशी तीन हिसके आले. मग परत तीन. मी ओरडले, चाळे पुरेत, आटप! आणि टेप गुंडाळायला लागले. क्षणभर पलीकडून कुणीतरी सोडेना. मग सुटली.

वर आले तर झिपरी काकांच्या स्टुलावर. बूट काढलेले, पाय कोरडे ठाक.

म्हणाली की पहिल्याच खांबाशी तिला कोंडल्यासारखं झालं, टोक विटेखाली दाबून, मला हाक मारून ती वर आली. केव्हाची बसली आहे. मी म्हटलं, थापा मारू नकोस. तिने आईची शपथ घेतली. मी तरीही हसले, पण नीट हसू येईना.

काका परतले नाहीत. अर्धा तास वाट पाहिली. किल्ली कुलपालाच लटकत होती. मागच्या दाराने घरी गेले असतील म्हणून आम्हीच कुलूप लावलं. तिकीट खिडकी बंद झाली होती, फटीतून किल्ली आत सरकवली. कुलूप-किल्लीला हात लावायचा नाही, हा सरांचा पहिला नियम. असो. कोण सांगतंय त्यांना!

रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळ

आकडे कागदावर मांडले. सगळे जुळतात. उभे, आडवे, तिरके. एका मिलिमीटरचाही फरक नाही. झिपरी आणि मी मोजलं की बोटभर तरी चुकतंच.

झिपरी कागदाकडे बघून म्हणाली, "हे मी धरलेलं नाही गं." आणि रडायलाच लागली. म्हणजे काल खरंच बोलत होती.

टेपचा डबा मी कपाटात ठेवून दिला आहे.

रविवार, दुपार

तिकीट खिडकीवरची ताई आमच्या मुक्कामावर आली होती. काका काल घरी आले नाहीत. तुम्ही पाहिलंत का, असं सगळ्यांना विचारत होती. टाक्यात शोधलंच नाही म्हणाली, कारण कुलूप लावून किल्ली खिडकीतून टाकलेली सापडली. म्हणजे ते बाहेर पडलेच असणार, हे ती धरूनच चालली आहे. मागचं दार तर कित्येक वर्षांपासून गंजून बसलंय. काका फक्त ते हलतं का बघायला जातात.

झिपरीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ताई गेली.

सर आम्हाला परत पाठवतील, वर्ष जाईल — हेच आधी मनात आलं. लाज वाटते लिहायला. आणि कुलपाचं सांगितलं तर टेपचंही सांगावं लागेल. तिथे कुणीतरी टोक धरलं होतं, असं कोणत्या तोंडाने सांगू?

मग एकदम डोक्यात लख्ख झालं. कुणीतरी धरलं होतं ना? मग आत माणूस आहे! आणि आम्ही त्याला कोंडून आलोय.

पाच वाजलेत. सरांच्या खोलीकडे निघाले आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

काका सापडले. जिवंत आहेत.

सर चपलासुद्धा न घालता धावले. ताईने कुलूप उघडलं आणि आम्ही दिवे घेऊन आत उतरलो. काका शेवटच्या खांबामागच्या कोनाड्यात होते, वरून निखळलेल्या दगडांखाली. अंग बर्फ. डोळे अर्धवट उघडे, पण बोलण्याची शुद्ध नव्हती. तो घुं-घुं आवाज पाण्याचा नव्हता, त्यांच्या हाकांचा होता. मी दीड तास त्या हाका ऐकत आकडे लिहीत होते.

आता सगळं उलगडतंय. झिपरी गेलेली पाहून काकांनी टोक उचललं असणार. आमच्या खुणा त्यांनी दाराशी पाहिल्याच होत्या. माझ्याबरोबर खांबाखांबाने चालले आणि शेवटी दगड कोसळले. मग तीन हिसके. आणि मी काय म्हणाले? चाळे पुरेत.

ताईला मी कुलपाचं स्वतः सांगितलं. ती मग म्हणाली, "काल दुपारी सांगायचं." बस, तेवढंच. दोन कानफटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

छत आणखी ढासळेल म्हणून दुपारी पुरातत्त्व कचेरीतल्या माणसांनी दार विटांनी बंद करून टाकलं. सर म्हणाले, मोजमापाचा कागद फाडू नकोस, नाव लिहून जमा कर. झिपरी कालपासून पहिल्यांदा जेवली. मलाही भीती उरली नाही, फक्त अपराधी वाटतंय, आणि ते वाटायलाच हवं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काका शुद्धीवर आले. मी आणि झिपरी माफी मागायला गेलो. ताई मधे बसून त्यांचं बोलणं आम्हाला सांगत होती.

आम्ही मोजायला लागायच्या आधीच ते पडले होते. दोन्ही हात अंगाखाली अडकलेले, टेपला त्यांनी बोटही लावलं नाही. टोक एका मुलीने धरलं होतं. खांबाखांबाशी थांबत ती शेवटी त्यांच्या उशाशी येऊन बसली आणि तिथूनच हिसके देत राहिली. आम्ही दिवे घेऊन आत आलो तेव्हाही ती तिथेच होती, म्हणे.

मग त्यांनी झिपरीकडे नीट पाहिलं, ही नव्हे अशी मान हलवली आणि ताईला काहीतरी विचारलं.

"बाबा विचारतायत, तिला बाहेर काढलंत का?"